रोशनची झील

१

बातमी आली त्या दिवशी सत्यभामेच्या घरी मुगवड्यांचा घाट होता.

सकाळीच वाटलेली डाळ लसूण-जिरं घालून चांगली फेसून तिनं उन्हं चढायच्या आत गच्चीवर जुन्या लुगड्यावर ओळीनं घातली आणि राखणीला नवऱ्याला बसवलं. उकंडाला जानेवारीपासून जड काम बंद होतं. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन तो, बाभुळगावातला एकही खांब त्यानं सोडला नसेल. आता डोक्याला गमछा गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि जो जिना चढून येईल त्याला सांगायचा, "मले कावळ्यांचा वॉचमन केलं हिनं. पगार नाई, चायवर भागवते."

काठी त्याच्या बाजूला पडून होती. मांडीवर एक उभट पातेल्यासारखा गंज उपडा घेऊन तो त्यावर केरवा वाजवत होता. कावळे त्यामुळे उडून जात, असा त्याचा दावा होता. खरं म्हणजे ते कठड्यावर येऊन बसत आणि माना वाकड्या करून ऐकत.

सत्यभामा खाली हात धूत होती तेव्हा फोन वाजला. पायलचा होता. पायल, त्यांची मुलगी, नागपूरला औषधांच्या दुकानात कामाला होती. दवाखान्यात तिचाच नंबर दिलेला होता.

"आई, बाबा कुठं हायेत?"

"वर. कावळे हाकलून राह्यले."

"एकटेच?"

"कावळ्यांसंग."

पायल हसली नाही. एरवी ती अशा बोलण्याला बापासारखीच खो खो हसायची.

"त्या डबीचा रिपोर्ट आला आई. मागच्या हप्त्यात छातीले तारा लावून दिली होती ना, एक दिवस घालाले, ती डबी. बाबाचं हृदय मधामधात थांबते म्हणे."

"थांबते म्हणजे?"

"थांबते म्हणजे थांबते. आधी लय जोरानं पळते, मंग बंद पडते, अन् मंग पुन्हा सुरू होते. 'बाबा, हात धुवा, जेवाले चला' असं सावकाश म्हणून पाह्य. तितका वेळ."

सत्यभामेनं ते मनात म्हणून पाहिलं. वरून गंजाचा आवाज येत होता, नेमका, एकसारखा. कुठं अडत नव्हता, कुठं घसरत नव्हता. ज्याचं हृदय थांबतं त्याचे हात असे चालतील का, असं तिच्या मनात आलं आणि तिला जरा धीर वाटला.

मग वरून हाक आली.

"अवं रोशनची आई, चाय होते का थोडा?"

तिनं जिन्याकडे पाहिलं. चहाचं काही नव्हतं. चहा तो दिवसातून चारदा मागायचा. पण रोशन गेल्यापासून, गेली दोन वर्षं, तो तिला 'पायलची आई' म्हणत होता. कोणी सांगितलं नव्हतं, दोघांत ठरलं नव्हतं, पण एकदाही चुकला नव्हता.

२

रोशन त्यांचा थोरला. लोहाऱ्याला एका कारखान्यात पाळीवर जायचा. रात्रपाळी करून सकाळी घरी येताना रस्त्यात अपघातात गेला.

त्याच वर्षी उकंडाच्या छातीत गडबड सुरू झाली. कधी हृदय धावायचं, कधी अडखळायचं, दोन ठोक्यांत कधी सारखं अंतर नाही. ज्या माणसानं बोटांनी उभ्या आयुष्यात लय सोडली नाही, त्याच्या छातीतली लय सुटली. त्याचा दोस्त मन्सूर म्हणायचा, "बाहेरून केरवा अन् अंदरून ब्रेकडान्स." गोळ्या झाल्या, यवतमाळच्या खेपा झाल्या. शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी जांघेतल्या शिरेतून बारीक तारा वर नेऊन हृदयातल्या चुकार जागा आतून डागल्या. कागदावर त्याला अब्लेशन लिहिलं होतं. सत्यभामा त्याला डागणंच म्हणत होती. पूर्वी आजारी पोरांच्या पोटावर डागत, तेव्हा अंगणवाडी चालवताना तिनं किती आयांना त्यावरून झापलं होतं. आता नवऱ्याला पैसे भरून डागून आणलं, याचं तिला हसू येई.

पहिले तीन महिने मागेपुढे होईल, घाबरू नका, असं बाईंनी सांगितलं होतंच. म्हणून पायलचा फोन ठेवल्यावर तिनं थेट बाईंनाच लावला.

"चक्कर येते का त्यांना?" बाईंनी विचारलं. "डोळ्यांपुढे अंधारी? तोल जातो?"

"नाई मॅडम. उलट लय खुशीत हायेत. वजनबी वाढलं."

"रिपोर्टमध्ये हे सगळं संध्याकाळचं आहे. साधारण दिवेलागणीला काय करत असतात ते?"

"ढोलक वाजवतात."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"वाजवून झाल्यावर पडले असतील अंथरुणावर," बाई म्हणाल्या.

"नाई, त्या वक्ताले वाजवतच असतात. मी सयपाकघरात असतो, मले ऐकू येते."

"सत्यभामाताई, हृदय इतका वेळ बंद राहिलं तर माणूस कोसळतो. निदान हातातलं तरी सुटतं. वाजवू शकत नाही." मग बाईंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "असो. डागल्यानंतर काहींना असं होतं. उपाय सोपा आहे. गळ्याच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवायचं. हृदय थांबलं की ते लगेच ठोका देतं. मध्ये रिकामी जागा म्हणून राहू देत नाही. त्यांना तयार करा आणि उद्या-परवा मला फोन करा, म्हणजे बेड ठेवते. ती रात्रीची अर्धी गोळी आजपासून बंद. एकटं सोडू नका. चक्कर आली तर थेट यवतमाळ. आणि हे लांबवू नका, हे वाढत जातं."

"उद्याच करतो फोन," सत्यभामा म्हणाली. तेव्हा ती मनापासूनच म्हणाली होती.

३

संध्याकाळी मन्सूर आला. त्याचं बस स्टँडच्या बाजूला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. स्कूटरच्या पायदानावर पेटी ठेवून, तिच्यावर एक पाय टेकवून तो यायचा. तिघांची गायन पार्टी होती त्यांची. पेटीवर आणि मुख्य गाण्याला मन्सूर, ढोलकावर उकंडा, आणि मागून झील धरायला रोशन. मुख्य गाणाऱ्याची ओळ संपली की जी ओळ मागून उचलायची, ती झील. चौदा एप्रिलला तालुकाभर त्यांना बोलावणी असत. एक मुसलमान, दोन बौद्ध आणि तिघांत मिळून एकच चांगला शर्ट, असं मन्सूर मंचावरून सांगायचा आणि लोक हसायचे.

"काय म्हणते मशीन?" मन्सूरनं दारातच विचारलं. दुपारी सत्यभामेनं उकंडाला आणि पायलला यंत्राचं सांगितलं होतं, आणि पायलनं त्यालाही फोन केला होता.

"मी नाई बसवत," उकंडा म्हणाला. "जिंदगीभर लोकाईच्या घरी लाइन देली. आता मायाच अंगात मीटर लावता काय?"

"लाव ना बे. बिल तर वहिनी भरन."

"अन् लोडशेडिंग झाली तं?"

दोघंही हसले. सत्यभामाही हसली. हसत हसत ती सैपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसली, आज मुद्दाम समोर.

पार्टीची एक रीत होती, मन्सूरच्या उस्तादापासून चालत आलेली. साथीदार गेला की वर्षभर त्याची जागा कोणाला द्यायची नाही. त्याची ओळ आली की सगळ्यांनी गप्प राहायचं, ढोलकानं मात्र त्या ओळीएवढी लांबी वाजवून काढायची. वर्ष झालं की घरच्या माणसानं ती ओळ एकदा म्हणायची, मग ती दुसऱ्याच्या हवाली. जागा उतरवणं म्हणत त्याला. रोशनचं वर्ष झालं तेव्हा उकंडा यवतमाळला दवाखान्यात होता. पुढच्या खेपेला नागपूरच्या चकरा सुरू होत्या. राहिलंच ते. दोन वर्षं झाली, मन्सूर आपली ओळ म्हणून थांबे, उकंडा रिकामी लांबी वाजवी, आणि पुढं जात.

मन्सूरनं त्याचं स्वतःचंच बांधलेलं गाणं धरलं.

"बापानं माझ्या पाटी दिली हाती..."

आता झील होती : 'आता नाही कोणाची भीती'. पेटी थांबली. ढोलक एकटं चाललं.

सत्यभामेनं पाहिलं. उकंडाच्या गळ्यातली शीर थोड्या वेळापासून भराभर उडत होती, ती उडायची थांबली. बोटं चालूच होती. त्यानं मान जराशी डावीकडे, मागं वळवली. पूर्वी तिथं रोशन बसायचा. आणि साथीदाराचा सूर नेमका लागला की वाजवणारा जशी मान हलवतो, तशी त्यानं हलवली. गालात हसला. मग शीर उडाली, पेटी सुरू झाली.

"वा," उकंडा म्हणाला.

"कायले वा?" मन्सूर म्हणाला. "माया सूर उतरला होता."

"तुले कोण म्हणून राह्यलं?"

४

सकाळी पोहे खाता खाता तिनं विचारलंच.

"ते थांबते तेव्हा तुमाले काय होते?"

"काई नाई. बरं वाटते." त्यानं पोह्यांवर तर्री ओतून घेतली. "खांबावर काम कराच्या आधी लाइन बंद करत होतो ना आमी. एकदम सारा गावभराचा आवाज बंद होते, पंखे, मोटारी, चक्की. तसं. अन् मंग मधातलं बारीकसारीक ऐकू येते."

"बारीकसारीक काय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. पोरगं परीक्षेत पहिलं आलं आणि बापाला ते आधी कळलं, पण पोरानंच सांगावं म्हणून तो गप्प आहे, तसा तो चेहरा होता.

"पयल्यांदा नुसतं नाक वाजलं. मी म्हटलं, मन्सूरनं ओढलं असन. परवा 'आता' म्हणला. काल 'आता नाही' इथवर आला." त्यानं लिंबाची फोड उचलली. "रोज थोडा पुढं येते. गडबड नाई करत."

"कोण?"

"तुले माह्यीत नाई का कोण ते? पोहे मस्त झाले आज."

सत्यभामेनं ताटल्या उचलल्या. तीस वर्षं तिनं अंगणवाडी चालवली होती. नाडी मोजता येत होती, कोणाला अंगारा लावून आणलं तर त्याच पावली दवाखान्यात धाडायची तिची ख्याती होती. सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच या घरानं देव आणि भुतं एकाच वेळी विसर्जित केली होती. सासू सांगायची, देव सोडताना जरा जड गेलं, भुतं मात्र आनंदानं सोडली.

तेव्हा विचार साधा होता. डोक्याला रक्त कमी पडलं की माणसाला भास होतात. रोशनचा ध्यास आहे, म्हणून रोशनचा भास. यंत्र बसलं की रक्त पोचेल आणि भास जाईल. भांडी घासून होईस्तोवर तिनं हे स्वतःला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा पटलं. एकच गोष्ट त्यात कुठं बसत नव्हती. रक्त पोचत नसेल, तर हात कोण चालवतं?

नागपूरला फोन करायला तिनं फोन हातात घेतला, आणि आधी मन्सूरला सांगून यावं म्हणून तसाच पिशवीत टाकला.

५

मन्सूर एका ट्रॅक्टरचा रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही चेष्टा केली नाही, तेव्हाच सत्यभामेला त्यानं ते मनावर घेतल्याचं कळलं.

"रोशनचं नाक," तो म्हणाला. "बारा महिने सर्दी. आधी नाक वर ओढायचा, मंग झील उचलायचा. मी म्हणो, रोशन, माइकमंदी पाऊस पडून राह्यला बेटा."

"भाऊ, तुमालेबी ऐकू येते का?"

"नाई वहिनी. अल्लाकसम नाई." त्यानं हात पुसले. "पण चूक आपली हाये. वर्षाची जागा दोन वर्षं ठेवली. उस्ताद म्हणत, जागा जास्त दिवस उघडी ठेवू नये. काहून, ते त्यानं कधी सांगतलं नाई, आमी विचारलं नाई. उकंडाभाऊ दोन सालापासून ती रिकामी लांबी वाजवून राह्यला. हाताले सवय लागली, तशी छातीलेबी लागली असन. मेकॅनिकचं डोकं हाये मायं, मले तं असंच समजते."

"मंग?"

"आज जागा उतरवून टाकू. तुमी म्हणा झील. घरच्याच माणसानं म्हणायची असते. एकदा भरली का भरली. अन् मशीन तर बसवायचंच, त्यात काई बोलणं नाई. उद्या सकाळी नागपूरले फोन लावा, गाडी मी पाह्यतो. आपल्या स्टँडवरच्या जुनेदची मोठी गाडी हाये, भाऊले झोपवून नेता येते."

"मले गाता कुठं येते भाऊ?"

"आमाले तरी कुठं येते? लोक बिचारे टाळ्या वाजवतात."

ती हसली. परतताना तिला हलकं वाटत होतं. वाटेत तिनं ती ओळ तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली. सूर बरा लागला. शेवटचा 'भीती' तेवढा लांब होता. रोशन तो ताणायचा, ढोलकाचं एक आख्खं आवर्तन होईपर्यंत, आणि लोक वळून पाहायचे की या काडीएवढ्या पोरात इतका दम आहे तरी कुठं.

६

त्या संध्याकाळी मन्सूर जरा लवकरच आला. ऊन अजून खोलीत होतं. पश्चिमेच्या दारातून त्याचा एक पट्टा सतरंजीवर पडला होता, उकंडाच्या डाव्या अंगाला. कोपऱ्यात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी, त्यांच्याखाली रोशनचा फोटो, शेजारी टीव्ही. सगळं रोजचंच.

सत्यभामा उकंडाच्या पाठीमागे, उजव्या बाजूला बसली. हात वाजवत असताना मनगट धरता येत नाही, म्हणून तिनं तळहात त्याच्या पाठीवर, पातळ बनियनवर टेकला. आत हृदय लागत होतं. शांत होतं.

"आज काय, सारं घरच पार्टीत?" उकंडा म्हणाला.

"वहिनी आज झील धरते," मन्सूर म्हणाला. "जागा उतरवून घेऊ भाऊ. लय दिवस झाले."

उकंडानं ढोलकाची दोरी ओढली, एक थाप मारून पाहिली. "पाह्य मंग," एवढंच म्हणाला. रागानं नाही. कोणी आधीच बसलेल्या बाकावर आपण बसायला जावं आणि त्यानं मुकाट सरकून पाहावं, तसं.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या फेरीत तिच्या हाताखालचं हृदय उधळलं. इतकं की तिला ठोके वेगळे कळेनात, नुसती थरथर. ढोलक मात्र आपल्या चालीनं चाललं होतं. एका देहात दोन माणसं वाजवत असावीत तसं.

"बापानं माझ्या पाटी दिली हाती..."

पेटी थांबली. सत्यभामेनं तोंड उघडलं.

तळहाताखाली काहीच नव्हतं. भिंतीवर हात ठेवल्यासारखं. पाठ ऊबदार होती, बनियन घामानं ओलं होतं, आत काही नव्हतं. बोटं ढोलकावर पडत होती.

आणि नाक वर ओढल्याचा आवाज आला.

तिचा सूर गळ्यातच राहिला. जवळून, डावीकडून, बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून ओळ आली. मोठ्यानं नाही. मंचावर नव्हे तर घरात सराव करताना माणूस जसं गातो, तसं.

"आता नाही कोणाची..."

तिनं मान वळवली नाही. नजर तेवढी खाली गेली. सतरंजीवरचा उन्हाचा पट्टा मध्ये तुटलेला होता. एका जागी, मांडी घालून बसणाऱ्याचा गुडघा जेवढी जागा घेईल तेवढ्या जागी, ऊन नव्हतं. त्याच्या अलीकडे होतं, पलीकडे होतं.

मग हाताखाली एक धक्का बसला, बंद मोटार सुरू होताना बसतो तसा. पट्टा अखंड झाला. पेटी वाजू लागली.

गाणं संपल्यावर मन्सूरनं भाता बंद केला आणि कपाळ पुसलं. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"बस झालं वहिनी. मस्त म्हटली. शेवटचा शब्द तेवढा खाल्ला तुमी, पण पयल्या दिवशी चालते." तो पेटीची कडी लावू लागला. "आवाज लय भरला होता मात्र. सर्दी झाली का?"

सत्यभामेचं तोंड अजून उघडंच होतं. तिनं ते मिटलं.

उकंडा ढोलकावर हात ठेवून तिच्याकडे पाहत होता. लहान पोरासारखा हसत होता.

"आयकलं ना?" तो हळूच म्हणाला. "मी सांगत होतो तुले."

७

सकाळी सारं घर आनंदात होतं. उकंडानं स्वतः दाढी केली, रेडिओ लावला, आणि दारावरून जाणाऱ्या सुखीबाईला थांबवून तिच्या टोपलीतली भाजी कोवळी की जून यावर मनसोक्त भांडला. शेवटी दोघंही खूश झाले आणि ती एक जुडी जास्त देऊन गेली. चहा घेताना त्याचा हात थरथरला नाही. फक्त नखं जरा निळसर होती. सत्यभामेनं ती पाहिली.

पायलचा फोन आला.

"आई, मॅडमले फोन केला का? त्यायनं मलेच इचारलं. बेड हाये म्हणे. आज सांगतलं तं उद्याच घेतात."

"करतो ना."

"बाबा कसे हायेत?"

"भांडून राह्यले."

आता पायल हसली. "मंग ठीक हाये. पण तू आज कर आई. हे वाढत जाते, मॅडमनं दोनदा सांगतलं. एका वेळी लांबलं तं मंग सुरूच नाई होत."

"माह्यीत हाये मले," सत्यभामा म्हणाली.

आणि तिला खरंच माहीत होतं. आधी नाक, मग 'आता', मग 'आता नाही', काल 'कोणाची'. दर संध्याकाळी ओळ जितकी पुढं सरकली होती, तितकंच त्याचं हृदय जास्त थांबलं होतं. उरला होता एक शब्द, पण तो लांब होता. ढोलकाचं आख्खं आवर्तन. हृदय इतका वेळ उभं राहिलं तर माणसाचं काय होतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. यंत्र बसलं की ते ठोका देईल, रिकामी जागा राहणार नाही, नवरा राहील. म्हातारपणी दोघं गच्चीवर बसतील, भांडतील. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिनं विचार केलाच नाही. ती नुसती सतरंजीकडे पाहत बसली. सकाळी तिथं ऊन येत नव्हतं.

रोशन सकाळी रस्त्यात गेला, त्याच्या थोडं आधी त्याचा फोन आला होता तिला. "आई, निंगलो," एवढंच म्हणाला होता. दोन वर्षांत तिच्यापाशी त्याचा तेवढाच आवाज होता. कालपर्यंत.

दुपारी उकंडाचा डोळा लागला. तिनं त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला, पंखा कमी केला, आणि ओट्यापाशी उभं राहून फोन लावला.

"मन्सूरभाऊ, आज थोडे लवकर या."

"येतो ना. पण काहून? जागा तं काल उतरली."

"नाई उतरली पुरी. एक शब्द राह्यला."

मागं दुकानात कोणीतरी पत्र्यावर ठोकत होतं. "बरं," तो म्हणाला. "अन् नागपूरचं काय झालं? जुनेदले गाडी सांगून ठेवू का?"

"सांगतो मंग."

तिनं फोन ठेवला. चहाला आधण ठेवलं, सतरंजी झटकून पुन्हा घातली, डावीकडे जरा जागा सोडून.

नागपूरला तिनं फोन केला नाही.